कॅसिनोचा बाँबवर्षाव : बखर आणि अस्सल कागद

इटलींतील मोंते कॅसिनो येथील मठावर ता. १५ फेब्रुवारी १९४४ रोजीं दोस्तराष्ट्रांच्या विमानांनीं बाँबवर्षाव केला. दुसऱ्या महायुद्धांतील ज्या प्रसंगांवर विपुल लेखन झालें आहे, त्यांत या प्रसंगाची गणना करावी लागेल. या लेखनाचा बहुतेक सगळा भर एकाच प्रश्नावर आहे : मठांत जर्मन सैनिक होते कीं नव्हते ? प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचें उत्तरहि आतां बरेंच निश्चित झालें आहे. परंतु या वादाच्या गलबल्यांत दुसरा एक प्रश्न मागें पडला, असें आम्हांस वाटतें. ज्या पायदळाच्या मदतीसाठीं हीं विमानें आलीं, त्या पायदळाला त्यांची मदत झाली काय ? झाली नसेल, तर दोष विमानांचा, डोंगराचा, कीं तीं ज्या रीतीनें मागविलीं व वापरलीं गेलीं त्या रीतीचा ? हें पायदळ बव्हंशीं चौथ्या हिंदी डिव्हिजनचें होतें. तेव्हां हा प्रश्न आपल्यास परका नाहीं. प्रस्तुत लेखांत त्यासंबंधीं उपलब्ध असलेल्या साक्षीपुराव्याची छाननी करण्याचें योजिलें आहे.

प्रथम स्थळाची कल्पना वाचकांस असावी. नेपल्सहून रोमकडे जाणारा सहाव्या क्रमांकाचा राजमार्ग कॅसिनो गांवाशीं लीरी नदीच्या खोऱ्यांत शिरतो. खोऱ्याच्या तोंडाशींच उभा असलेला मोंते कॅसिनो हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारें १७०० फूट उंच असून त्याच्या माथ्यावर सेंट बेनेडिक्टनें सहाव्या शतकांत स्थापन केलेला मठ आहे. पायथ्याशीं रापिदो नदी वाहते. मठाच्या वायव्येस, मैलाच्या आंतच, आणखी एक उंचवटा असून नकाशावरील उंचीच्या आंकड्यावरून त्यास '५९३ ची टेकडी' असें नांव पडलें. जानेवारी १९४४ पासून अमेरिकन सैन्यानें या डोंगरावर घोर लढाई केली. मठाच्या अगदीं जवळ पोंचून तें थकलें, आणि फेब्रुवारीच्या मध्यास त्याची जागा जनरल फ्रायबर्ग यांच्या न्यूझीलंड कोअरनें घेतली. चौथी हिंदी डिव्हिजन याच कोअरमध्यें होती. तिचे सेनापति जनरल टकर ऐन वेळीं आजारी पडल्यामुळें तिचें आधिपत्य ब्रिगेडियर डिमोलीन यांजकडे आलें.

आतां साक्षीपुराव्याकडे वळूं. मराठ्यांच्या इतिहासाचें संशोधन करणारास बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद नव्यानें सांगावयास नको. घटना घडण्यापूर्वीं किंवा घडत असतां, कांहीं तरी काम साधण्यासाठीं लिहिलेला कागद एका प्रतीचा. घटनेनंतर वर्षांनीं, आपली बाजू राखण्यासाठीं किंवा वाचकांस रंजविण्यासाठीं लिहिलेली हकीकत दुसऱ्या प्रतीची. युरोपांतील या अर्वाचीन लढाईसहि हाच नियम लावला पाहिजे. सेनापतींचीं आत्मचरित्रें कितीहि प्रामाणिकपणें लिहिलेलीं असोत, तीं बखरींच्याच कोटींत पडतात. उलट टकर यांनीं ता. १२ फेब्रुवारी रोजीं फ्रायबर्ग यांस पाठविलेलें टांचण अस्सल कागदांत मोडतें. तें वारंवार उल्लेखिलें जातें. पण बहुधा त्यांतील सोईचा भागच उचलला जातो.

टकर यांस मठाच्या बांधणीची माहिती वरिष्ठ कचेरीकडून मिळाली नाहीं. शेवटीं त्यांनीं नेपल्समधील पुस्तकांच्या दुकानांत शोध करून १८७९ सालीं छापलेलें एक पुस्तक मिळविलें. त्यावरून त्यांनीं कळविलें कीं, मठाच्या भिंती सुमारें १५० फूट उंच व तळाशीं निदान १० फूट जाड आहेत. हजार पौंडी बाँबांचा त्यांवर जवळ जवळ कांहींच उपयोग होणार नाहीं. भिंती फोडावयाच्या तर त्याहून पुष्कळच जड बाँब पाहिजेत. मठांत आज जर्मन आहेत कीं नाहींत यास त्यांनीं महत्त्व दिलें नव्हतें. लढाई अखेरीस आली म्हणजे शत्रु त्याचा बालेकिल्ल्यासारखा उपयोग करणारच, असा त्यांचा तर्क होता. एवढा भाग सर्वत्र सांगितला जातो. परंतु या डोंगरावर समोरून चढून जावें हेंच मुळीं टकर यांस मान्य नव्हतें. डोंगराला वळसा घालून तो एकटा पाडावा असें त्यांचें मत होतें. समोरून जाणें अपरिहार्यच असेल तर आधीं मठ पुरता निकामी करा, अशी त्यांची अट होती. म्हणजे बाँबवर्षावाची मागणी ही एका अटीचा भाग होती. अट बाजूस ठेवून तेवढी मागणी उचलली, कीं टकर हे मठविध्वंसाचे आद्य प्रवर्तक ठरतात. अनेक लोकप्रिय पुस्तकांत तसें झालेंहि आहे. कागदाचें अर्धें वाक्य वाचून निवाडा देण्याची ही रीति आपल्याकडे नवी नाहीं. पण म्हणून ती क्षम्य ठरत नाहीं.

त्याच दिवशीं फ्रायबर्ग यांनीं पांचव्या अमेरिकन सैन्याच्या कचेरीकडे जी मागणी केली, तिची नोंद त्या कचेरीचे चीफ ऑफ स्टाफ जनरल ग्रुएंथर यांनीं करून ठेवली आहे. ही मागणी होती बारा बारा विमानांच्या तीन फेऱ्यांची, म्हणजे एकूण ३६ लढाऊ बाँबफेकी विमानांची, प्रत्येकावर पांचशें पौंडी बाँब. प्रत्यक्षांत ता. १५ रोजीं १४२ अवजड 'फ्लाइंग फोर्ट्रेस', ४७ 'मिचेल' व ४० 'मरॉडर' अशीं २२९ विमानें मठावर आलीं. छत्तिसांचीं सवादोनशें झालीं. परंतु टकर यांनीं मागितलेले महाकाय बाँब मात्र आले नाहींत. आले ते पांचशें व हजार पौंडी, आणि त्यांच्या जोडीला आग लावणारे. टकर यांस हवें होतें एक, फ्रायबर्ग यांनीं मागितलें दुसरें, आणि मिळालें तिसरेंच.

येथें आंकड्यांविषयीं थोडें लिहिणें अवश्य आहे. या हल्ल्यांत ११५० टन बाँब पडले असें अनेक ठिकाणीं लिहिलेलें आढळतें, आणि एका लेखकाचा आंकडा दुसरा निमूटपणें उतरून घेतो. या आंकड्याची परीक्षा कोणासहि घरबसल्या करतां येईल. फोर्ट्रेस जातीच्या विमानावर अशा मोहिमेंत साधारणपणें अडीच ते तीन टनांपर्यंत ओझें असे. मिचेल व मरॉडर यांवर दोन टनांच्या आंतच. आपण उदारपणें पहिल्याचे तीन व दुसऱ्याचे दोन टन धरूं. १४२ विमानांचे ४२६ टन आणि ८७ विमानांचे १७४ टन मिळून बेरीज ६०० टनांवर जात नाहीं. मग उरलेले साडेपांचशें टन कोणत्या विमानाच्या पोटांत मावले ? अमेरिकन सैन्याच्या सरकारी इतिहासांत, म्हणजे ब्लूमेन्सन यांच्या १९६९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत, दिलेली गोळाबेरीज ११५० च्या निम्म्याहूनहि कमी आहे, आणि ती वरील हिशेबाशीं जुळते. बखरींत लाखांच्या फौजा पाहून जो वाचक हंसतो, त्यानें छापील टनांचे आंकडेहि त्याच सावधपणें वाचावे.

आतां मुख्य मुद्दा, वेळेचा. हा हल्ला प्रथम ता. १६ फेब्रुवारीस करण्याचें घाटत होतें. परंतु ता. १५ रोजीं आकाश निरभ्र राहील असें हवामानाचें भाकीत होतें, आणि त्यानंतर समुद्रकांठच्या अँझिओ येथील तळावर जर्मनांचा मोठा हल्ला होण्याचा संभव असल्यामुळें विमानें तेथें लागणार होतीं. म्हणून दिवस अलीकडे आणण्यांत आला. हा निर्णय विमानदलाच्या सोईनें झाला. पायदळाची तयारी त्यांत हिशेबांत धरली गेली नाहीं. सातव्या हिंदी ब्रिगेडमधील रॉयल ससेक्स ही पलटण ५९३ च्या टेकडीसमोर, शत्रूपासून अवघ्या सत्तर यार्डांवर, दगडांच्या आडोशानें पडून होती. डोंगरावर कुदळ चालत नसल्यामुळें तिला खंदकहि खणतां आले नव्हते. मठांत आश्रय घेतलेल्या लोकांस आदल्या दिवशीं पत्रकें टाकून इशारा देण्यांत आला. पण सकाळीं साडेनऊच्या सुमारास विमानें डोक्यावर आलीं तोंपर्यंत डोंगरावरील या पलटणीस त्याची वर्दी नव्हती. कांहीं बाँब हिंदी डिव्हिजनच्याच ठाण्यांवर पडून माणसें जखमी झालीं.

या बाँबवर्षावानंतर पुढें काय झालें ? त्या रात्रीं मठावर हल्ला झाला नाहीं. मठाकडे जाण्याची वाट ५९३ च्या टेकडीवरून जात होती आणि ती टेकडी जर्मनांकडे होती. ससेक्सची एकच कंपनी, म्हणजे ३ अधिकारी व ६३ शिपाई, त्या रात्रीं टेकडीवर गेली. त्यांपैकीं २ अधिकारी व ३२ शिपाई पडले किंवा जखमी झाले. दुसऱ्या रात्रीं सबंध पलटण गेली. बारांपैकीं दहा अधिकारी व सुमारें अडीचशें शिपायांपैकीं १३० कामास आले. तिसऱ्या रात्रीं, ता. १७-१८ रोजीं, चौथी-सहावी राजपुताना रायफल्स त्याच टेकडीवर आदळली; आणि पहिली-दुसरी व पहिली-नववी या गुरखा पलटणी मठाच्या रोखानें निघाल्या. वाटेंतील कांटेरी झुडपांत सुरुंग पेरलेले होते. गुरख्यांची तेथेंच कत्तल झाली. त्याच रात्रीं खालीं माओरी पलटणीच्या दोन कंपन्यांनीं रेल्वे स्टेशन घेतलें, पण रणगाड्यांची वाट पुरी न झाल्यामुळें दुसऱ्या दिवशीं दुपारीं तें सोडावें लागलें. ज्या टेकडीनें सगळी वाट अडविली होती तिच्यावर ता. १५ च्या बाँबवर्षावाचा रोख नव्हता, आणि दोन्ही फळ्या इतक्या भिडलेल्या असतां तो ठेवतांहि आला नसता. ज्या मठावर रोख होता त्याच्यापर्यंत पायदळ पोंचलें नाहीं. मधल्या अडीच दिवसांत जर्मन पॅराशूट सैनिक त्या ढिगाऱ्यांत शिरून पक्के बसले.

तोफांनीं तटास खिंडार पाडलें कीं धूळ खालीं बसण्यापूर्वीं सुलतानढवा करावयाचा, हें गडकोटांच्या लढाईंतील पहिलें सूत्र. खिंडार पाडून अडीच दिवस थांबणें म्हणजे शत्रूस तें बुजविण्यास सवड देणें. आकाशांतून पाडलेल्या खिंडारासहि हें सूत्र तितकेंच लागू आहे.

येथें एका बखरवजा साक्षीची तपासणी केली पाहिजे. इटलींतील दोस्तसैन्याचे सरसेनापति अलेक्झांडर यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत मठाच्या विध्वंसाचें समर्थन केलें आहे. त्यांचा मुख्य आधार असा कीं, भिंती पडण्यापेक्षां हल्ला करणाऱ्या सैनिकांच्या मनोधैर्यासाठीं हा विध्वंस जरूर होता. या म्हणण्यांत सत्यांश नाहीं असें नाहीं. डोक्यावर अहोरात्र टपून बसल्यासारखी दिसणारी ती इमारत शिपायांच्या मनावर दडपण आणीत असे, हें त्या डोंगरावर असलेल्या अनेकांनीं सांगितलें आहे. परंतु हल्लेखोरांचें मनोधैर्य वाढविणें हाच हेतु असेल, तर ज्या पलटणीनें हल्ला करावयाचा तिलाच आधीं कां कळविलें नाहीं ? आणि वाढलेल्या धैर्याचा लाभ घेण्यासाठीं त्याच घटकेस पुढें जाण्याची तजवीज कां केली नाहीं ? हें समर्थन घटनेनंतर अठरा वर्षांनीं छापलें गेलें. घटनेच्या वेळच्या व्यवस्थेशीं त्याचा मेळ बसत नाहीं. उलट बाजूस जनरल क्लार्क यांनीं १९५० सालच्या आपल्या पुस्तकांत हा हल्ला चूक ठरवून आपला त्यास विरोध होता असें नमूद केलें. तेंहि तितकेंच सावधपणें घ्यावें. कारण हुकूम शेवटीं त्यांच्याच सैन्याच्या कचेरींतून सुटला होता. एकानें यश मिळालें नाहीं त्याचें समर्थन करावें आणि दुसऱ्यानें आपल्या हुकुमाची जबाबदारी वांटून द्यावी, हीं दोन्ही बखरींचींच लक्षणें होत.

मठांत बाँबवर्षावापूर्वीं जर्मन फौज नव्हती, असा निष्कर्ष अमेरिकन सरकारी इतिहासानें काढला आहे. तेथें होते वृद्ध मठाधिपति ग्रेगोरिओ दियामारे, थोडे साधु आणि आसऱ्यास आलेले शेंकडों नागरिक. त्यांपैकीं पुष्कळ त्या दिवशीं मेले. ही हानि कोणत्याहि हिशेबांत गौण लेखतां येणार नाहीं. परंतु आमचें म्हणणें असें कीं, मठांत एखादी जर्मन पलटण खरोखरच असती तरीहि ता. १५ चा हल्ला पायदळाची मदत या नांवास पात्र झाला नसता. मदत कशास म्हणावें याची कसोटी लक्ष्याच्या योग्यतेइतकीच वेळेच्या मेळावर अवलंबून असते.

एक महिन्यानें, ता. १५ मार्च १९४४ रोजीं, दुसरा प्रयोग झाला. या खेपेस लक्ष्य होतें कॅसिनो गांव. सकाळीं साडेआठपासून दुपारपर्यंत लाटेमागून लाट येऊन सुमारें एक हजार टन बाँब पडले. त्यामागून तोफखान्यानें पावणेदोन लाखांहून अधिक गोळे उडविले. आतां वेळेचा मेळ घातला होता; न्यूझीलंडचें पायदळ दुपारीं लगेच पुढें सरकलें. तरीहि गांव पुरतें हातीं आलें नाहीं. कारणें दोन. विमानांचा नेम उंचावरून इतका सैल होता कीं कांहीं बाँब कित्येक मैल दूर असलेल्या व्हेनाफ्रो गांवावर पडून तेथील नागरिक व दोस्तांचेच सैनिक प्राणांस मुकले. आणि जे बाँब गांवावर पडले त्यांनीं रस्त्यांत एवढाले खड्डे पाडले कीं रणगाडे पुढें जाईनात; संध्याकाळीं पाऊस पडून त्या खड्ड्यांचीं तळीं झालीं. गांवांत असलेल्या जर्मन पॅराशूट पलटणीची सुमारें निम्मी माणसें गाडलीं गेलीं, पण उरलेलीं तळघरांतून बाहेर आलीं आणि ढिगाऱ्याच्याच आडून लढलीं. ही शक्यता विमानदलाच्या प्रमुखांच्या ध्यानांत आली नव्हती असें म्हणतां येत नाहीं. भूमध्य समुद्रांतील विमानदलाचे अधिपति जनरल ईकर यांनीं मार्चच्या आरंभींच वॉशिंग्टनला लिहिलें होतें कीं, या बाँबवर्षावावरून मोठ्या विजयाची आशा करूं नये, आणि पायदळ पाठोपाठ गेलें नाहीं तर आमच्या फोडण्याचा उपयोग थोडाच. हेंहि घटनेपूर्वींचें पत्र आहे. म्हणून त्यास आम्ही आत्मचरित्रांपेक्षां अधिक मान देतों.

याच मार्च महिन्याच्या लढाईंत विमानांच्या उपयोगाचा एक वेगळा प्रकार दिसून येतो, आणि त्याची चर्चा फार थोड्या ठिकाणीं सांपडते. पहिल्या-नवव्या गुरखा पलटणीच्या एका कंपनीनें रात्रीं वाट काढीत मठाच्या थेट खालीं असलेली 'फांशीची टेकडी' घेतली. आकाशपाळण्याचा एक खांब तेथें फांशीच्या खांबासारखा दिसे म्हणून तें नांव. मागून उरलेली पलटण तिला जाऊन मिळाली, पण खालची वाट शत्रूच्या माऱ्यांत होती. तेव्हां विमानांतून पॅराशूटनें अन्न, पाणी व दारूगोळा टाकण्यांत आला. पुष्कळ पेट्या उतारावरून गडगडत जर्मनांकडे गेल्या. तरी हातीं लागल्या तेवढ्यांवर गुरखे ता. २४-२५ मार्चच्या रात्रीपर्यंत त्या खडकावर टिकले. डोंगरांतील लढाईंत, समोरासमोरच्या फळ्या हातघाईवर असतां, शत्रूवर हजार टन टाकण्यापेक्षां आपल्या माणसांस चार पेट्या पोंचविणें अधिक मोलाचें ठरूं शकतें. हा धडा टनांच्या बेरजेंत दिसत नाहीं.

दोष बाँबफेकी विमानांचाच होता असा निष्कर्ष मात्र घाईचा होईल. त्याच इटलींत ता. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर काय घडलें तें पाहावें. हा प्रदेश डोंगराचा नव्हे, उंच पूरबांधांच्या सपाटीचा आहे. तेव्हां तुलना जपूनच केली पाहिजे. परंतु योजनेंतील फरक बोलका आहे. दुपारीं आठशेंहून अधिक अवजड विमानांनीं, जमिनीस खड्डे न पाडतां माणसांस टिपणारे लहान बाँब टाकले. मग तोफखाना आणि लढाऊ विमानें आळीपाळीनें बांधांवर मारा करीत राहिलीं. शेवटची फेरी विमानांनीं बाँब न टाकतांच नुसती झेप घेऊन केली, आणि जर्मन मान खालीं घालून बसले असतांच पायदळ नदींत उतरलें. येथेंहि नेम चुकून पोलिश पलटणींची जीवहानि झाली. तरी नदी ओलांडली गेली. त्याच संध्याकाळीं पहिल्या मराठा पलटणींतील शिपाई नामदेव जाधव यांनीं जखमी साथीदारांस पाण्यांतून पार नेऊन मशीनगनचीं ठाणीं मोडलीं व व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. एका वीराच्या पराक्रमाचें श्रेय विमानांस देणें वेडेपणाचें होईल; पण त्या पराक्रमास आधींच्या व्यवस्थेनें वाव ठेवला होता, हेंहि खरें. कॅसिनोच्या उतारावर पडलेल्या राजपुताना व गुरखा शिपायांचें शौर्य यत्किंचितहि कमी नव्हतें. तेथें वाव ठेवला गेला नाहीं.

सारांश, या प्रकरणाविषयीं लिहितांना तीन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत : लक्ष्य योग्य होतें काय, हत्यार त्या लक्ष्यास योग्य होतें काय, आणि हत्यार व पायदळ यांची वेळ एक होती काय. फेब्रुवारींत पहिल्याचें उत्तर वादग्रस्त, दुसऱ्याचें टकर यांच्या टांचणाप्रमाणें नकारार्थी, आणि तिसऱ्याचें निःसंशय नकारार्थी आहे. मार्चमध्यें तिसरा दोष सुधारला, पण दुसरा उरला. आजवरचें बहुतेक लेखन पहिल्याच प्रश्नांत गुंतून राहिल्यामुळें न्यायनिवाडा मठाचा झाला, शिपायांचा झाला नाहीं.

न्यूझीलंडचा सरकारी इतिहास फिलिप्स यांनीं १९५७ सालीं लिहिला. इटलींतील मोहिमेचा हिंदी सैन्याच्या दृष्टीनें लिहिलेला सरकारी ग्रंथ धर्मपाल यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केला. दोन्ही ग्रंथ इंग्रजींत आहेत. नामदेव जाधव किंवा तिबेर नदीच्या खोऱ्यांत १० जुलै १९४४ रोजीं पडलेले यशवंत घाडगे यांचीं नांवें आपल्याकडे आदरानें घेतलीं जातात. परंतु ते व त्यांचे सोबती ज्या लढायांत लढले त्यांच्या योजना कोणी केल्या, कशा केल्या आणि कोणत्या कागदांवरून तें सिद्ध होतें, याची चिकित्सा आदरापेक्षां कठीण आहे. ती करण्यास लागणारी शिस्त मराठी संशोधकांनीं बखरींवर घासून घेतलेली आहे. तीच शिस्त या अलीकडच्या बखरींस लावणें, हें त्या शिपायांचें आपणांवरील ऋण आहे.